सगळे खाली उतरा

ज्यांच्या घरासमोर ऐंशीच्या दशकात स्कूटर उभी असे, त्यांच्यासाठी पेट्रोल भरणं हे साऱ्या घराचं काम होतं. दूध, किराणा, रॉकेल, तसंच पेट्रोल. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद व्हायची: तारीख, लिटर, रुपये आणि कडेला किलोमीटरचा आकडा. त्यावरून बाबा ॲव्हरेज काढत. ॲव्हरेज घसरलं की कार्ब्युरेटर साफ करायला टाकायचा, हे आईलाही ठाऊक असायचं. बजाजची चेतक १९७२ साली आली, पण नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्याशिवाय ती दारात येत नसे. एवढ्या प्रतीक्षेने आलेल्या गाडीच्या टाकीत काय जातं, किती जातं, याकडे घरादाराचं लक्ष असणारच.

त्या काळच्या बहुतेक स्कूटरना पेट्रोलचा काटा नव्हता. चालता चालता इंजिन गुदमरायला लागलं की हात सीटखालच्या कॉककडे जायचा. 'गाडी रिझर्व्हला लागली' हे वाक्य घरी आल्या आल्या सांगायचं असे. दादाने गाडी रिझर्व्हवर आणून ठेवली आणि कोणाला सांगितलं नाही, तर सकाळी बाबांना ऑफिसच्या वाटेवर स्कूटर आडवी करून टाकीतला उरलासुरला घोट कार्ब्युरेटरपर्यंत पोचवावा लागे. लुनावाल्यांचं बरं होतं, ते पायडल मारत घरी यायचे. शेजाऱ्यांची स्कूटर मागून नेली, तर लिटरभर पेट्रोल टाकूनच परत द्यायची. कोणी तसं बजावत नसे, पण न पाळणाऱ्याला दुसऱ्यांदा किल्ली मिळत नसे.

पंपाचं फाटक दिसलं की बाबा इंजिन बंद करत आणि गाडी वेगातच आत घेत. मग उतरण्याचा क्रम ठरलेला. पुढे हँडलला धरून उभं राहिलेलं धाकटं आधी, मग मागे एका बाजूला बसलेली आई, कडेवरच्या बाळासकट. शेवटी बाबा. गाडी स्टँडवर चढे, सीट उचललं जाई, टाकीचं झाकण उघडे. पंपावरचे काका म्हणत, "झिरो बघा," आणि आम्ही सगळी भावंडं त्या गरगर फिरणाऱ्या आकड्यांकडे डोळे लावून उभी राहायचो. नजर ठेवायचं काम पोरांना मिळायचं, हा मान वाटायचा. काकांना आई 'दादा' म्हणे. दिवाळीत चिवड्या-लाडवांचा पुडाही त्यांच्या हातात जाई.

ऑइलचं एक वेगळंच प्रकरण होतं. त्या स्कूटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण वेगळं मिळत नसे, ते पेट्रोलातूनच द्यावं लागे. लिटरमागे वीस मिली हे प्रमाण कित्येक घरांत मुलांनाही पाठ होतं. ऑइल आधी टाकायचं, वरून पेट्रोल सोडायचं, म्हणजे धारेने ते नीट मिसळतं. शेवटी नळी टाकीच्या तोंडाशी झटकून आतला थेंब न् थेंब उतरवून घेतला जाई. झाकण घट्ट लागलं की बाबा गाडी हाताने ढकलत मशीनपासून पुढे नेत आणि मगच किक मारत. मागच्याला लगेच जागा मिळे.

पंपांची नावं मात्र जुनीच चालायची. एस्सोचा कारभार १९७४ साली हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेला, बर्मा शेलचा १९७६ साली सरकारकडे आला आणि पुढे भारत पेट्रोलियम झाला. पाट्या बदलल्या, तरी आजोबा 'बर्मा शेलवर जाऊन ये' असंच सांगत. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोल कडाडलं, तेव्हा गाड्या झाकून ठेवून माणसं पुन्हा सायकलवर आली, हेही त्यांच्याचकडून ऐकलेलं. पुढे संध्याकाळच्या बातम्यांत 'मध्यरात्रीपासून दरवाढ' एवढं कानावर पडलं, की जेवणं टाकून गाड्या पंपाकडे निघत. रांग पुढे सरकली की इंजिन चालू न करता सगळे आपापली गाडी पायाने रेटत. घुसणाऱ्याला चारजण मागे पाठवत. जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले आणि त्या रात्रीच्या रांगा संपल्या.

उतरण्याची शिस्त आमच्या पिढीत आली, ती निम्मी गाडीच्या घडणीमुळे. टाकीचं तोंडच सीटखाली, न उतरून सांगता कोणाला? १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, मग मोटारसायकली वाढत गेल्या. टाकी पुढे आली आणि बसल्या बसल्या भरता येऊ लागलं. सोय झाली, हे खरं. पण आज पंपावर पाहावं तर तिघं-तिघं गाडीवर बसूनच असतात, मूल टाकीला चिकटून, चालकाचे डोळे मोबाइलवर. हे पाहून जीव कासावीस होतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली, तापलेल्या इंजिनाच्या आणि सायलेन्सरच्या बाजूला उतरते. टाकी काठोकाठ भरून पेट्रोल ओघळलं, तर तेही तिथेच जातं. भडका उडालाच, तर मांडीत टाकी आणि मागे दोन माणसं असलेल्याला उडी मारायलाही वाव नसतो. जुन्या पद्धतीत आई बाळाला घेऊन चार हात लांब उभी असायची. तो काही नुसता रिवाज नव्हता.

मापाची शंका आली, तर पंपावर प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप असतं. ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे, आणि भांडण न करता, शांतपणे मागितलं तरी ते मिळायला हवं. तेव्हाही जाणती माणसं तसंच मागत.

तेव्हा घरातल्या पोरांना लायसन्स मिळालं की एवढं नक्की शिकवा: पंपावर आधी लहानांना उतरवायचं, मग आपण उतरायचं, झिरो बघायचा, आणि पैसे दिले की गाडी ढकलत पुढे न्यायची, कारण मागे कोणीतरी उभं आहे.