कोयत्याला म्यान

शेतकऱ्याच्या घरात कोयता, विळा, खुरपे असायचेच. धार लावायला आपण विसरत नाही. धार झाकायला मात्र काही नसते. कोकणात कोयता कमरेच्या लाकडी आकडीत अडकवतात, तिथे पाते उघडेच राहते. प्रवासाला निघाले की पोत्यात गुंडाळतात. पोते धारेपुढे किती टिकणार?

माझ्या पुतण्याने एस.टी.त अशाच पोत्यात हात घातला. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाच्या कंडरा तुटल्या. कंडरा म्हणजे बोट मिटणारी दोरी. ती शिवली तरी कित्येक आठवडे हात ठराविक आकारात जपावा लागतो, नाहीतर टाका सुटतो. उजवा हात, आणि घरात कमावता तोच. तो लालबागला आमच्या खोलीवर राहिला व परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जाऊ लागला.

तिथल्या व्यवसायोपचार विभागातल्या बाईंनी प्लास्टिकचा पत्रा मापाने कापला आणि ऊन पाण्यात सोडला. पाणी सुमारे 70 अंशांचे. मिनिटभरात पत्रा पोळीसारखा लवू लागला. मग तो पुसून, सोसवेल इतका निवू देऊन हातावर बसवला. चार-पाच मिनिटांत कडक! (हे शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा 1950 साली मुंबईत कमलाबाई निंबकरांनी सुरू केली. करडई व मेंढ्यांवर काम करणारी फलटणची निंबकर संस्था काढणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव.)

मी विचारले, "बाई, आमच्या पाण्याच्या पाइपाचे प्लास्टिक असेच वागेल का?"

"वागेल काका, पण त्याला उष्णता जास्त लागते. ते अंगावर कधी घ्यायचे नाही."

तेवढे पुरे झाले. पाइपाचे टोक तापवून त्यात दुसरा पाइप बसवणे शेतावर कोणाला नवीन आहे? पी.व्ही.सी. 80 अंशांच्या आसपास नरम पडू लागते. नीट वळवायला 120च्या पुढे जावे लागते. सगळीच प्लास्टिके अशी नसतात. बॅकेलाइटचे जुने बटण तापवाल तर करपेल, वळणार नाही. परदेशात चाकूच्या म्यानासाठी कायडेक्स नावाचा पत्रा वापरतात. विमानांच्या आतल्या भिंतींनाही तो लावतात, आणि त्यातही पी.व्ही.सी. असतेच. आपल्याला पाइपाचा तुकडा बस्स.

75 मि.मी.चा पाइप चपटा केला की रुंदी सुमारे 118 मि.मी. भरते, 63 मि.मी.चा सुमारे 99. पात्याची रुंदी पाहून पाइप निवडावा. पात्यापेक्षा दोन बोटे लांब तुकडा कापावा. मोडक्या कढईत कोरडी वाळू तापवावी. पाण्याचा थेंब पडताच चुरचुरला पाहिजे. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. पाइप वाळूत पुरून दर मिनिटाला चिमट्याने दाबून बघावा. जाळावर धरू नका. पी.व्ही.सी. करपले की त्यातून आम्लाचा वायू निघतो, तो छाती कोंडतो आणि लोखंडही गंजवतो. म्हणून काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून. हातात जाड हातमोजे हवेत.

पाते आधी जाड कागदाच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून घ्यावे, म्हणजे पुढे ते सहज आतबाहेर होते. नरम पाइप त्यावर सरकवावा, दोन फळ्यांत धरून वर पाय द्यावा आणि निवेपर्यंत काढू नये. वाकडा झाला तर पुन्हा तापवावा. पाइप आपला मूळचा गोल आकार धरू पाहतो, मग नव्याने दाबता येतो. तळाशी एक भोक हवेच. ओले पाते आत ठेवले आणि पाण्याला वाट नसली तर चार दिवसांत गंज चढतो.

हे जमते ते ऊसतोडीच्या सरळसर पात्याला. कोकणी कोयत्याचे टोक आत वळलेले, ते अशा म्यानात जाणारच नाही. त्यासाठी पाइप उभा चिरून, तापवून त्याचा पत्रा करावा व वहीसारखा दुमडावा. दुमडीत जुन्या चपलेच्या रबराची पट्टी रिवेटाने बसवून तिच्यावर धार टेकवावी. पाठीकडून कोयता घालायचा आणि वरून दोरीचा फास. पट्टा ओवायला मागे दोन चिरा.

पुतण्याची करंगळी शेवटच्या पेरात अजून मिटत नाही. पण मूठ वळते. पहिले म्यान त्याने स्वतः दाबले, आणि गावी नेण्याआधी आमच्या खोलीतल्या विळीच्या पात्यालाही अर्ध्या इंची पाइप चिरून, वळण देऊन टोपण करून गेला. दहा बाय बाराच्या खोलीत रांगते मूल आहे. सुनेने ते टोपण विळीलाच दोरीने बांधून ठेवले आहे.