दोन काजं

शेजारच्या आजींचा कारवाँ, म्हणजे जुनी गाणी वाजवणारा रेडिओसारखा डबा, परवा पहिल्यांदाच नटलेला पाहिला. हिरव्या इरकली खणाची खोळ, तिला लाल गोट, आणि पुढे स्पीकरच्या जागी मच्छरदाणीच्या जाळीची चौकट. "सगळीकडून खणच लावला असता, तर लताबाईंना सर्दी झाल्यासारखं ऐकू आलं असतं गं," आजी म्हणाल्या.

ती जाळी पाहून मी हरखले. जुन्या ट्रान्झिस्टरच्या कातडी खोळीलाही पुढे भोकंच भोकं असत. आवाजाची वस्तू जपायची तर कुठे झाकायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. हल्ली विकत मिळणारी रबरी कव्हरं मला म्हणूनच आवडत नाहीत. ती सगळ्यांना सारखीच आवळतात.

माझ्या आत्याची शिलाई त्यांच्याहून वेगळी. काकांनी मस्कतहून वॉकमन आणला होता, सोनीचा पहिला, निळा-रुपेरी, जपानात १ जुलै १९७९ला विक्रीला आला तोच. रत्नागिरीत आमच्या घरी पोचला तो उघडाच. आत्यानं तंबोऱ्याच्या गवसणीचं उरलेलं मरून कापड काढलं. आत जुन्या धोतराच्या चार घड्या, त्यांवर दाट धावदोरा. फोम तिला चालत नसे. आमच्याकडच्या दमट हवेत त्याचा काही वर्षांत चिकट चुरा होतो. सूत धुता येतं, उन्हात टाकता येतं. मापाला टेपही घेतली नाही. डोळे मिटून तिनं वॉकमन हातात फिरवला आणि बोटं जिथे जिथे थांबली, तिथे कापडावर खडूची खूण केली. कॅसेटच्या खिडकीवर कापड नाही, कारण टेप फिरतेय की गुंतलीय ते दिसायला हवं. सेल बदलायच्या बाजूला टिचबटणं. कडेला उरेब पट्टी, म्हणजे कोपऱ्यावर चुणी पडत नाही.

मग काजं. त्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. शिवाय एक नारिंगी बटण: ते दाबलं की गाणं मंद व्हायचं आणि माइकमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. घरात हेडफोन एकच. "दुसरं काज कशाला घालतेस?" दादानं विचारलं. "करणाऱ्यानं जागा ठेवलीये. ती आपण का बुजवायची?" असं म्हणून तिनं दुसरं काज पहिल्यापेक्षा घट्ट शिवलं, रेशमी दोऱ्यानं. पुढे बहुतेक वॉकमनांतून ते दुसरं भोक गेलंच. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

ज्याच्या गवसणीतलं हे कापड, तो तंबोरा मिरजेचा. हत्यारांना धार लावणारी शिकलगारांची घराणी एकोणिसाव्या शतकात तिथे सतार-तंबोरे घडवू लागली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. वाळलेला भोपळा टणक खरा, पण आपटला की तडकतो. म्हणून गवसणीच्या तळाशी कापसाची जाड गादी हवी. बाजारच्या गवसण्या आत्याला सैल वाटत, ती गादी स्वतः भरायची. आणि एवढं करूनही तंबोरा एसटीच्या टपावर कधी चढू दिला नाही. कंडक्टरशी हुज्जत घालून, त्याचं पूर्ण तिकीट काढून, त्याला खिडकीशी बसवायची.