दुरेघी वही

अक्षरावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. मराठीच्या प्राध्यापकाला दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे उपसावे लागतात. असले एखादे घरगुती शास्त्र मनाशी बाळगल्याखेरीज ते काम सुसह्य होत नाही. टपोरे अक्षर असेल तर माणूस दिलदार, पुढे झुकलेले असेल तर उतावळा, आणि बारीक, एकमेकांना चिकटलेले असेल तर खुशाल समजावे की स्वारी कंजूष! या शास्त्राने मला दगा दिला तो एकदाच. पण तो माझ्या वडिलांच्या बाबतीत दिला.

नाना चुडाव्याला शाळामास्तर होते. चुडावा हे परभणी जिल्ह्यातले, पूर्णा आणि नांदेड यांच्या मधले एक लहानसे स्टेशन. गाव लहान असले तरी तिथल्या दोन पिढ्यांचे अक्षर मात्र पाहत राहावे असे, कारण ते नानांनी दुरेघी वहीत गिरवून घेतलेले. "रेघ सोडू नको रं!" हे त्यांचे पालुपद अजूनही गावातली पोक्त माणसे एकमेकांना थट्टेने ऐकवतात.

मी नोकरीसाठी पुण्याला आलो. घरोघर फोन आले तरी नाना मला पत्रच लिहीत. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या पत्रांत काही तरी बिघडू लागले. पहिली ओळ ज्वारीच्या दाण्याएवढी, मधल्या ओळी मोहरीएवढ्या आणि शेवटची खसखशीएवढी! माझ्या शास्त्राने तत्काळ निकाल दिला : म्हातारपणी नानांची माया आटत चालली.

त्या निकालाला लवकरच पुरावाही मिळाला. माझ्या मुलीच्या बारशाला नाना पुण्याला आले. नात मांडीवर ठेवली, तर चेहऱ्यावर एक रेषसुद्धा हलली नाही. पापणी न लवता तिच्याकडे नुसते पाहत राहिले. बायको काही बोलली नाही. पण मुलगी झाली म्हणून आजोबांना आनंद नाही, हे तिच्या मनात आले, आणि खरे सांगायचे तर माझ्याही आले. ते गावी परतल्यावर मी त्यांना एक बोचरे पत्र धाडले. त्यांचे उत्तर आले ते इतक्या बारीक अक्षरात, की चार ओळी वाचून मी ते रागाने टेबलाच्या खणात टाकून दिले.

पुढे दीड वर्षाने आईचा फोन आला. "ह्यांना चालताना काय व्हायलंय, तू येऊन बघ." मी गेलो. नानांना नांदेडला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नानांना चालायला लावले, बोटे भराभर मिटायला-उघडायला सांगितली, आणि शेवटी एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला दिल्या. तो कागद पाहून ते म्हणाले, "हा पार्किन्सन. कंपवात म्हणतात ना, तोच."

"पण नानांचा हात कुठे कापतोय?" मी विचारले.

डॉक्टरांनी समजावून सांगितले, की सगळ्याच रोग्यांना कंप नसतो. कुणाच्या हालचाली मंदावतात, कुणाचे स्नायू ताठरतात. अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली बसतो, आणि चेहऱ्यावरचे भाव मुखवटा घातल्यासारखे गोठतात. आतला आनंद आतच राहतो. तो बाहेर आणणारे स्नायूच हुकूम पाळीत नाहीत. मी मान खाली घालून ऐकत होतो. शब्दांचा धंदा करणारा मी, पण 'कंपवात' या एका शब्दानेच मला चकवले होते!

मग मी या रोगाविषयी मिळेल ते वाचू लागलो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली त्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात रोगी अवघे सहा, आणि त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले! आपल्या मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या मरू लागल्या, की मनाचा हुकूम हातापायांपर्यंत धड पोचत नाही. १९५७ साली स्वीडनच्या कार्लसन यांनी सशांवर एक प्रयोग केला. आपल्या सर्पगंधेपासून निघणाऱ्या औषधाने ससे निपचित पडले होते. त्यांना लेव्होडोपा देताच ते पुन्हा हालू लागले. पुढे या संशोधनाबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७ साली कोट्झियास यांनी न्यूयॉर्कमध्ये लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेण्याची रीत दाखवली. नानांच्या गोळीतही मुख्य औषध तेच आहे.

गंमत अशी, की हेच लेव्होडोपा खाजकुहिलीच्या बियांत असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच ते त्या बियांतून वेगळे काढले होते. हे सांगितले तेव्हा नाना खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "एका पोरानं माझ्या खुर्चीवर कुहिली टाकली होती. त्याला छडी दिली मी. औषधच आणलं होतं की रं त्यानं!" अर्थात खाज सुटते ती शेंगेवरच्या लवेने, औषध असते ते बीमध्ये. आणि ते बीही आपल्या मनाने खाऊ नये, गोळ्यांशी त्याचा मेळ बिघडतो, अशी ताकीद डॉक्टरांनी दिली.

गोळीने नाना पुष्कळ सुधारले. पण तिचा अंमल ओसरला, की उंबरठ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटत. मागून कुणी "चला की" म्हटले, की जास्तच चिकटत. पुण्यात २००० सालापासून पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे; रोगी आणि त्यांच्या घरची माणसे तिथे जमतात. त्यांच्या एका सभेला मी जाऊन बसलो. तिथे एक गृहस्थ म्हणाले, की पाय अडले म्हणजे मी मनात ताल धरतो. दुसऱ्या बाई म्हणाल्या, की मी यांच्या पुढ्यात माझे पाऊल आडवे ठेवते; ते ओलांडायला म्हणून यांचा पाय उचलतो. मला तर आपलीच भावकी भेटल्यासारखे झाले!

मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या तरुणीची हकीकतही मी पुढे ऐकली. २०१५ सालच्या एका व्याख्यानात ती तिने सांगितली आहे. तिच्या काकांना हाच रोग. सपाट जमिनीवर त्यांचे पाय अडत. पण जिना मात्र ते सरसर चढत-उतरत. तिने काय केले, जिन्याचे चित्र छापले आणि सपाट फरशीवर चिकटवले. काका त्यावरून चालू लागले! आपोआप चालण्याची वाट बिघडली असली, तरी डोळ्यांनी पाहून एकेक पाऊल टाकण्याची वाट शाबूत असू शकते. जमिनीवरच्या आडव्या रेघांनी असे होते, हे पर्डन मार्टिन या ब्रिटिश डॉक्टराने १९६७ सालीच नोंदवून ठेवले आहे.

मी पुढच्या सुटीत गावी गेलो तो खडू घेऊनच. माजघरापासून अंगणापर्यंत हात-हात अंतरावर रेघा ओढल्या. नाना उंबरठ्यापाशी थबकले होते. त्यांनी रेघांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पहिली रेघ ओलांडली. मग दुसरी, मग तिसरी. आई तुळशीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती. माझ्या तोंडून निघून गेले, "रेघ सोडू नका, नाना!"

त्याच दिवशी मी त्यांना दुकानातून दुरेघी वही आणून दिली. दोन रेघांमध्ये त्यांचे अक्षर पुष्कळसे पूर्वीसारखे येते. रेघांनी रोग बरा होत नाही, हे मला ठाऊक आहे. रोगाची वाटचालच थांबवील असे औषध अजून कुणाला सापडलेले नाही. काही दिवशी रेघाही उपयोगी पडत नाहीत. मग आम्ही गोळीची वेळ होईपर्यंत ओसरीवर बसून राहतो. आता मागून कुणी "चला की" म्हणत नाही, एवढेच.

पुण्याला परतल्यावर मी टेबलाचा तो खण उपसला, भिंग घेतले आणि ते जुने पत्र शेवटपर्यंत वाचले. अगदी तळाशी, खसखशीएवढ्या अक्षरात लिहिले होते : "पोरगी फार गोड आहे. मला खूप आनंद झाला. तो तोंडावर का आला नाही, ते मलाच कळेना. सूनबाईंना सांग." ते पत्र मी तसेच बायकोच्या हातात दिले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिवाळीला चुडाव्यालाच जाऊ या."

तेव्हापासून आमची प्रत्येक दिवाळी चुडाव्याला होते. नात अंगणात रांगोळी काढते ती आजोबांच्या रेघा सांभाळून. आणि माझे ते अक्षरांचे शास्त्र मी सोडून दिले आहे. यंदाच्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका अगदी बारीक अक्षरातली निघाली. मी दिवा जवळ ओढला, भिंग काढले आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.