ठेकेदाराला फोन करण्याआधी

शहाद्याच्या घराला खाली एक खोली वाढवायचीय. आईच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही, आणि पैसा आहे तो नानांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा. म्हणजे 'आधी रिलीज, मग बग फिक्स' हा आमचा लाडका मंत्र इथे चालणार नाही!

नातेवाईकांचा पहिला प्रश्न, "फुटाचा भाव काय?" माझ्या मते पहिला प्रश्न मातीचा. तापीकाठची काळी जमीन कापसाला, केळीला झकास. घराला मात्र छळते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, मे महिन्यात सुकून भेगाळते. जुनं घर तिच्यावर कधीच बसलंय, नवं बांधकाम मात्र अजून खचणार. दोघांना एकाच भिंतीत जखडलं, की जोडावर तडा ठरलेलाच. म्हणून पाया वेगळा, मधला सांधा मोकळा. आणि पाया किती खोल, ते खड्डा खणून माती बघितल्यावर इंजिनिअरने सांगायचं, मिस्तरीने अंदाजाने नाही.

मग कागद. मालमत्तेचा उतारा, नगरपालिकेची परवानगी. कडेने किती जागा सोडायची, ते राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहे.

भाव सगळ्यात शेवटी. फूट कार्पेटचा की स्लॅबचा? वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण ट्रॉलीत तो मोजणार कोण? कमोडचा संडास खोलीला लागूनच ना?

हे सगळं एका पानावर लिहून तिघांना द्यायचं. मग तिन्ही भाव एकाच कामाचे येतात. नाहीतर सगळ्यात स्वस्त कोण? ज्याने पाया उथळ धरलाय तो!