झिलईच्या शोधात

बडोद्यास आलेल्या पाहुण्याला लक्ष्मी विलास राजवाडा दाखवावयास नेणे, ही आम्हां बडोदेकर मराठी मंडळींची एक ठरलेली रीत आहे. राजमहाल रस्त्याने जावयाचे, फाटकातून आत शिरावयाचे आणि वाट वळली की तो लांबलचक दगडी पसारा एकदम दृष्टीस पडू द्यावयाचा. मग पाहुणा 'वा!' म्हणतो आणि आपण, जणू तो आपणच बांधला आहे अशा थाटात, माहिती सांगू लागतो. आराखडा मेजर मँट यांचा, ते १८८१ साली निवर्तले, पुढचे काम चिझम यांनी तडीस नेले आणि १८९० साली महाराज सयाजीरावांची ही वास्तू पुरी झाली, वगैरे. आम्ही हे पाठांतर इतक्या वेळा म्हटले आहे की आता राजवाडा बघण्याऐवजी पाहुण्याचा चेहराच बघतो.

परंतु २०२३ च्या जानेवारीत त्याच राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला, तेव्हा आम्ही पाहुण्यासारखेच गेलो. देशाच्या निरनिराळ्या भागांतून मोटारी आल्या होत्या. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस होत्या, अमेरिकेतून एके काळी बोटीने आलेली लांब नाकाची धुडे होती. गर्दी होण्याच्या आत पोहोचावे म्हणून आम्ही सकाळी लवकर निघालो होतो, आणि ते बरेच झाले. गर्दीला जे दिसत नाही ते त्या तासाभरात दिसले.

जानेवारीच्या दहिवराने सर्व गाड्या भिजल्या होत्या, आणि प्रत्येक गाडीशेजारी कोणी ना कोणी वाकलेले, बसलेले किंवा चक्क आडवे झालेले होते. आम्हांस वाटले, हे नोकरचाकर असतील. काही होतेही. परंतु निम्म्याहून अधिक स्वतः मालकच निघाले. व्यापारी, डॉक्टर, निवृत्त अधिकारी, सगळे मऊ फडकी हातात घेऊन चाकाची एकेक तार पुसत होते. एक गृहस्थ तर दात घासण्याच्या ब्रशाने दिव्याच्या कडेची खाच साफ करीत होते. फडके एकदा पुसून झाले की घडी उलटावयाची, धुळीची बाजू पुन्हा रंगाला लावावयाची नाही, हा नियम सर्वजण देवपूजेतल्या सोवळ्याप्रमाणे पाळीत होते. आपल्याकडे सकाळी सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एकाच बादलीत एकच फडके बुचकळून बारा गाड्या पुसतो, त्याची आठवण झाली आणि हसू आले.

परीक्षकांचे निकष ऐकून मात्र आम्ही चकित झालो. आमची समजूत अशी की, जी गाडी अधिक चकाकेल तिला बक्षीस. तसे नसते. जगभरच्या अशा मेळाव्यांत आता पुन्हा घडविलेल्या गाड्या आणि मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्या यांचा वेगळा विचार होतो. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणारा मेळावा या क्षेत्रात पंढरीसारखा मानला जातो. तेथेही जपलेल्या गाड्यांना स्वतंत्र वर्ग आहे. कारखान्यातून बाहेर पडताना होती त्याहूनही अधिक झगमगीत केलेली गाडी जाणत्यांच्या नजरेत थोडी उतरते. मूळ रंग फिकटलेला असो, तडकलेला असो, तो एकदाच लावला जातो. खरवडून काढला की गेला.

मराठीच्या अभ्यासकाला या ठिकाणी राहवत नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. झिलई हा शब्द अरबी 'जिला'वरून आपल्याकडे आला, कल्हईही अरबीतूनच. तलवारींना धार व पाणी देणारे शिकलगार यांचे नावही त्याच वाटेने आलेले. शस्त्रांवरची आणि भांड्यांवरची चकाकी आपण मुसलमानी अमलात नव्या नावांनी ओळखू लागलो, असे दिसते. परंतु रंगाच्या बाबतीत देवाणघेवाण उलटी आहे. इंग्रजांचा 'लॅकर' हा मुळात आपला संस्कृत 'लाक्षा', म्हणजे लाख. पांडवांना जाळण्यासाठी ज्या पदार्थाचे घर बांधले तोच शब्द फिरत फिरत युरोपात गेला आणि मोटारीच्या रंगाचे नाव होऊन परत आला.

मोटारी नव्या होत्या तेव्हा त्या घोडागाड्यांप्रमाणेच रंगवीत. जवसाचे तेल आणि राळ यांच्या व्हार्निशाचे हात कुंचल्याने द्यावयाचे, प्रत्येक हात वाळू द्यावयाचा, झामा दगडाच्या पुडीने पाण्यात घासावयाचा, पुन्हा हात. एकेका गाडीला काही आठवडे लागत. राजवाड्यातील रविवर्म्याच्या चित्रांकडे पाहताना ज्या व्हार्निशाचा विचार मनात येतो, त्याचेच हे भाऊबंद. आणि तेही काळाने पिवळे पडे. फोर्डने १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली सुप्रसिद्ध गाडी काळ्याच रंगात विकली, त्यामागे हीच वाळण्याची अडचण आणि काळ्या रंगाचा स्वस्त टिकाऊपणा होता. मग १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स यांनी ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर आणला. तो फवाऱ्याने मारता येई आणि झटपट वाळे. आठवड्यांचे काम तासांवर आले, गाड्या निळ्या-तांबड्या झाल्या. आमच्या घरी कपाट करावयास आलेला सुतार 'साहेब, ड्युको करू का?' असे विचारतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या एका मोटारीच्या रंगाचे नाव आपण उच्चारीत आहोत याची त्याला कल्पना नसते. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर आणखी एक पारदर्शक थर असतो. तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. आपण ज्याला गाडीची चकाकी म्हणतो ती एवढ्याशा थराची करामत.

हे सर्व ज्ञान आम्हांस कोठून झाले? आमचा एक माजी विद्यार्थी मांजलपूरला राहतो. नोकरीने अभियंता, आणि रविवारी झिलईकार. मेळाव्यात तोच आम्हांस फिरवीत होता. पुढे एका रविवारी त्याने आग्रहाने घरी बोलाविले. मांजलपूर म्हणजे बडोद्याच्या दक्षिणेस पसरलेली वस्ती. बंगल्याच्या बाजूला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये त्याच्या वडिलांची १९६८ सालची फियाट अकराशे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, निळसर राखी. वडील रेल्वेत होते. त्यांनी ती १९७९ मध्ये दुसऱ्याकडून घेतली आणि अखेरपर्यंत चालविली. आता ते नाहीत. आई आहेत, पंचाहत्तरीच्या घरातल्या.

त्याची अवजारे पाहून शाळेतील प्रयोगशाळा आठवली. धुण्यासाठी दोन बादल्या: एक साबणाची, दुसरी हातमोजा खंगाळण्याची, आणि तळाशी जाळी, म्हणजे गाळ पुन्हा वर येऊ नये. कपड्यांची पावडर वापरावयाची नाही. धुऊन झाल्यावर मातीसारखा मऊ गोळा पाण्याच्या निसरडेपणावर रंगावरून फिरवावयाचा. डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे कण आणि झाडाचा चीक त्यात अडकतात. जपानी माणसाने काढलेली युक्ती आहे, असे तो म्हणाला. मग हाताने सरळ दिवा धरून दाखविला. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर्तुळाकार रेघा उमटल्या. 'सर, रेघा गोल नाहीत. त्या सगळ्या दिशांना आहेत. दिव्याला काटकोनात असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल वाटतात.' पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वर्गात वापरावे.

रेघा काढावयाच्या म्हणजे त्या भरावयाच्या नव्हेत, तर आजूबाजूचा रंगच रेघेच्या तळाइतका खाली आणावयाचा. हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्यासाठी फोमची गादी लावलेले यंत्र असते. नुसते गरगर फिरणारे यंत्र झपाट्याने काम करते, पण तापते आणि अनाडी हातात कडेचा रंग जाळून टाकते. म्हणून हौशी मंडळी गादी फिरता फिरता झुलविणारे यंत्र पसंत करतात. नव्या गाडीच्या पारदर्शक थरावर काम केले तर गादी पांढरी राहते. फियाटला तो थर नाहीच, तेव्हा दोन मिनिटांत गादी निळसर झाली. उन्हाने मेलेला वरचा रंग गादीवर आला आणि खालून जो रंग उघडा पडला तो, आईंच्या शब्दांत, 'आणली त्या दिवशीचा' होता.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. काम सुरू करण्यापूर्वी त्याने रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण पत्र्याला ठिकठिकाणी टेकविले होते. ते पोलादापासूनचे अंतर सांगते. बॉनेटवर नव्वद, छतावर एकशेदहा, आणि मागच्या डाव्या मडगार्डवर एकदम सहाशेच्या वर. म्हणजे खाली लांबी भरलेली आहे. कधी काळी ठोकर बसली असणार. 'आई, ही कधी लागली?' आई ओट्यावर शेंगा सोलीत होत्या. त्या हसल्या. 'डभोईच्या रस्त्यावर बैलगाडीला. तू तिसरीत होतास. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं.' तीसेक वर्षे झाकलेली गोष्ट यंत्राने एका आकड्यात सांगितली.

मग तो चालकाच्या दाराशी आला. खिडकीच्या कडेवर, बरोबर कोपर टेकते त्या जागी, रंग इतका झिजला होता की यंत्राने तीसच्या आत आकडा दाखविला, आणि मधोमध रुपयाएवढ्या जागेत अस्तराचा तांबूस पट्टा उघडा होता. येथे गादी लावली की उरलेलाही जाणार. उपाय दोनच, आहे तसे सोडणे अथवा दार नव्याने रंगविणे. दार रंगविले की ते उरलेल्या गाडीशी जुळणार नाही, मग सगळीच गाडी रंगवावी लागेल. पुढच्या मेळाव्यात गाडी न्यावी, ही त्याची मनातली इच्छा. खरवडलेले दार लोकांना कसे दाखवावे? त्याने आईंना विचारले, ते आमच्या समक्ष, बहुधा आम्ही त्याची बाजू घेऊ या आशेने.

आई उठून गाडीपाशी आल्या. त्या जागेवर त्यांनी हात ठेवला नाही, नुसते पाहिले. 'कोपर तिथंच असायचं त्यांचं. उन्हाळ्यात पत्रा तापला तरी. ते रंगवलंस तर मग नुसती गाडीच राहील, माझ्या काय कामाची?' मुलगा म्हणाला, 'पण आई, तिथून गंज धरेल.' त्यावर त्या म्हणाल्या, 'गंज धरू देऊ नकोस. तेवढं कर.' आम्ही कोणाचीच बाजू घेतली नाही. घेण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

त्याने कागदी चिकटपट्टी आणली आणि तेवढी जागा चौकोन करून झाकली. बाकीच्या गाडीवर यंत्र फिरले.

दुसरा प्रश्न नोंदणीचा निघाला. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी निराळ्या नोंदणीचे नियम केले. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मान मोठा; मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, शर्यत-फेरी, देखभाल अशा कारणांपुरतीच काढता येते. आईंना दर गुरुवारी दत्ताच्या देवळात याच गाडीने जावयाचे असते. अर्ज भरलेला होता, तो कपाटात गेला.

बाजारात हल्ली सिरॅमिक लेपाचा मोठा बोलबाला आहे. सिलिकेचा हा अतिपातळ कठीण पापुद्रा पाणी व घाण घसरवितो, हे खरे. परंतु 'नऊ एच' म्हणून जी कठीणता सांगतात ती पेन्सिलीच्या परीक्षेतील आहे, हिऱ्यामाणकांच्या मोजपट्टीवरील नव्हे. खाली रेघा असतील तर त्या लेपाखाली तशाच शाबूत राहतात. आणि आपल्या बोअरचे क्षारांचे पाणी गाडीवर उन्हात वाळू दिले, तर लेपावरही पांढरे ठिपके धरतातच. हजारो रुपये मोजून लेप करून घेणारे आणि नंतर पिसांच्या झाडणीने कोरडी धूळ फरफटविणारे शेजारी आम्ही पाहिले आहेत. त्यांना काही सांगावयास आम्ही गेलो नाही. शेजार टिकवावयाचा असतो.

फियाटवर मात्र लेप नाही, मेण आहे. ब्राझीलच्या ईशान्येकडील एका ताडाच्या पानांवरून हे कार्नोबा मेण निघते. पाने वाळवून झोडपून पूड काढतात. मधमाश्यांचे मेण साठ-पासष्ट अंशांवर वितळते, हे ऐंशीच्या पुढे, त्यामुळे आपल्या वैशाखातही तग धरते. परवा जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहज मांजलपूरला गेलो, तो दाराची काच खाली केलेली होती आणि स्वारी कोपराच्या जागी बोटाने मेण चोळीत होती. पाऊस सुरू होण्याआधी हे करावयाचेच, असा आईंचा हुकूम आहे. त्या ओट्यावरून विचारीत होत्या, 'कडेच्या आतल्या बाजूला लावलंस का? पाणी तिथूनच उतरतं.'