प्रोसेसर बदलायचा होता

आमच्या डोणगावात कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणतात. ‘सर, तुमचा सीपीयू बिघडला का?’ असे कुणी विचारले, तर तो त्या लोखंडी पेटीविषयी बोलतो आहे असे समजावे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, पेटीच्या आत पंख्याखाली दडलेला असतो, हे आम्हांलाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते. बी.एड.ला संगणक शिकवला गेला, पण पेटी उघडून कुणी दाखवली नव्हती.

आमचा संगणक २०१७ सालचा. उर्दू शाळेत नोकरी लागली तेव्हा अब्बांनी सोयाबीनच्या पैशांतून तो घेऊन दिला. सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि एक टीबीची हार्ड डिस्क. अब्बा आता नाहीत, संगणक आहे. त्यावर आम्ही इनपेजमध्ये प्रश्नपत्रिका करतो, निकाल लावतो आणि मोहल्ल्यातल्या मुलामुलींचे अर्ज भरतो.

२०२५ साली अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन झाले. बकरी ईद तोंडावर आलेली. त्या गडबडीत आमची एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर अर्ज भरायला आली. मुदत संपायला एकच दिवस उरला होता. तिला विज्ञान शाखा हवी होती, मेहकरला जायचे होते. वडिलांचे मन अजून डळमळीत होते. आम्ही संगणक सुरू केला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. दाखला अपलोड करायला गेलो आणि पडदा गोठला. पुन्हा सुरू केला, पुन्हा गोठला. अर्ध्या तासाने वडील उठले आणि म्हणाले, ‘‘रहने दो सर, नसीब में नहीं होगा.’’ मुलगी काही बोलली नाही. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

त्या रात्री शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून आम्ही तो अर्ज कसाबसा भरला. पण झोप आली नाही. एका लोखंडी पेटीपायी एका मुलीचे शिक्षण थांबले असते! आम्ही ठरवले, आता प्रोसेसर बदलायचा.

अकोल्याच्या एका दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, ‘‘याच बोर्डावर आय-सेव्हन बसतो. सेकंड हँड आहे, नऊ हजार पडतील.’’ घरात त्या महिन्यात पत्नीची दहा हजारांची भिशी लागली होती. ती शिवणकाम करते आणि पिको-फॉलच्या मशिनसाठी दोन वर्षांपासून पैसे जमवत होती. आम्ही भीतभीतच विषय काढला. तिने हातातले कापड बाजूला ठेवले आणि म्हणाली, ‘‘मशीन टाका सोडते तो मैं मोटर बदलती हूँ क्या? पहले सुई देखती हूँ, धागा देखती हूँ. आप देखो तो सही, रुकता कहाँ है?’’

बोलणे लागले, पण खरे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही संगणकावर नेहमीची कामे उघडली आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही बटणे एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यात कुणावर किती भार आहे ते दिसते. प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर निवांत बसलेला. रॅम काठोकाठ भरलेली. आणि हार्ड डिस्क शंभर टक्के! म्हणजे वर्गातला हुशार मुलगा फळ्यापाशी उभा, पण प्रत्येक आकड्यासाठी खडू आणायला शिपाई कार्यालयात जातो आहे, असा प्रकार. रॅम पुरली नाही की संगणक उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवतो. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. तिच्यावरून माहिती शोधून आणायला वेळ लागतो, आणि तोवर प्रोसेसर हातावर हात ठेवून वाट पाहतो. त्याच्या जागी आय-सेव्हन बसवला असता, तर त्यानेही वाटच पाहिली असती.

दुसरा प्रश्न विंडोज १०चा होता. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता आणि विंडोज ११ला इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर चालतात. दुकानदार देत होता तो आय-सेव्हनही सातव्याच पिढीचा. मग आठव्या पिढीचा का बसवू नये? दोन्हींच्या सॉकेटमध्ये पिना ११५१च, पण आतली जोडणी वेगळी. आमचा बोर्ड तो स्वीकारत नाही. म्हणजे नऊ हजार घालवून तेही दार उघडणार नव्हते.

प्रोसेसर बदलणे नेहमीच वाया जाते असे नाही. रोजच्या कामात प्रोसेसरचाच आकडा नव्वद-शंभरवर अडकून राहत असेल, कुणी व्हिडिओ जुळवण्यासारखे जड काम करत असेल आणि बोर्डावर खरोखर वरचा प्रोसेसर बसत असेल, तर खर्च कारणी लागतो. आमचे काम तसे नव्हते.

शेवटी २५६ जीबीची एसएसडी आणि चार जीबी रॅम घेतली. सत्तावीसशे रुपये लागले. पंख्यातली आठ वर्षांची धूळ काढली आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. चार मिनिटांत उठणारा संगणक अर्ध्या मिनिटात उठू लागला. उरलेल्या पैशांत थोडी भर घालून पिको-फॉलचे मशिन घरी आले. विंडोज १०ची सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते, तेवढी घेतली. त्यानंतर लिनक्सवर जावे लागेल. तिथे उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येतात, पण इनपेज सरळ चालत नाही. तो गुंता अजून सुटलेला नाही.

मात्र एक गोष्ट मनात रुतून बसली. आठवीतल्या एका मुलाविषयी आम्ही स्टाफरूममध्ये सहज म्हणून गेलो होतो, ‘त्याचं डोकंच चालत नाही.’ म्हणजे दोष प्रोसेसरचा! त्या जुलैत आम्ही त्याला जवळ बसवले. शिष्यवृत्तीच्या सरावातले गणित मराठीत होते. तेच उर्दूत वाचून दाखवले, तर त्याने दोन मिनिटांत सोडवले. त्याची गाडी मराठी वाचण्यात अडत होती, आणि ते वाचन शिकवायची जबाबदारी आमची होती. तीन वर्षे आम्ही त्याच्या नावापुढे ‘कमजोर’ लिहीत आलो होतो. आता तो रोज मधल्या सुट्टीत आमच्यासमोर मराठीचे एक पान मोठ्याने वाचतो.

ती मुलगी मेहकरला जाऊ लागली. सकाळच्या एसटीत तिची जागा खिडकीपाशी असते, असे तिचे वडीलच आम्हांला सांगतात.