अडीच एकरांचा दिवाणखाना

हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणी अमेरिकेची वारी करतात, नाही का? कुणाची लेक तिकडे, कुणाचा मुलगा. बाळंतपणाचं निमित्त, सहा महिन्यांचा मुक्काम, बॅगेत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि मऊ सुती लंगोट! मुलंही हौशी झाली आहेत. ‘आई, तुझे पाय सुजतात, या वेळी बिझनेस क्लासनं ये,’ असं म्हणून तिकीटच धाडतात. त्या तिकिटाबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, पण तिचा उपयोग करायला आपल्या भगिनी लाजतात. ती म्हणजे विमानतळावरचं लाउंज. चला, आज त्यातलंच एक आतून पाहून येऊ.

लाउंज म्हणजे आपल्या रेल्वे स्टेशनवरच्या पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूमचं श्रीमंत भावंड. कल्पना तशी जुनीच. न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं असं पहिलं दालन उघडलं ते १९३९ साली. सुरुवातीला तिथे निमंत्रितांनाच प्रवेश असे.

आता आपण जाऊ दोहाला. मुंबईहून कतार एअरवेजनं निघालात, की साडेतीन-चार तासांत तिथे उतरता. घड्याळ अडीच तास मागे करा. नुसतं विमान बदलायचं असलं तरी इथे सामानाची पुन्हा तपासणी होते. तेव्हा पाण्याची बाटली आधीच रिकामी करून ठेवावी, म्हणजे रांगेत खोळंबा होत नाही.

हा हमद विमानतळ २०१४ साली सुरू झाला. दुकानांच्या मधल्या चौकात २३ फुटी पिवळंधमक अस्वल बसलेलं दिसेल. डोक्यात दिवा खुपसलेला! दिसतं कापडी खेळण्यासारखं, पण आहे ब्राँझचं. उर्स फिशर या स्विस कलावंतानं घडवलेलं. ही खूण लक्षात ठेवा. याच्या जवळच्या सरकत्या जिन्यानं वर गेलं, की ‘अल मुरजान’ लाउंजचं दार. दारावर बोर्डिंग पास दाखवायचा आणि आत शिरायचं. (उत्तरेकडे आतल्या बागेजवळ याच नावाचं दुसरं लाउंजही आहे.)

आत पाऊल टाकलं, की क्षणभर बावरायला होतं. जागा दहा हजार चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानं जवळजवळ अडीच एकर! मधोमध उथळ पाण्याचा विस्तीर्ण हौद, भोवती खुर्च्या आणि कोच. मुलांना घेऊन आलेल्यांसाठी निराळी खोली, अंग टेकायला शांत खोल्या, अंघोळीची सोय. गरम पाण्यानं अंघोळ करून साडी बदलली, की निम्मा शीण तिथेच उतरतो.

जेवायचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न! शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. काबुली चणे आणि तिळाची पेस्ट घालून केलेलं हमस, कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली चिरून केलेलं तबुले आणि आपल्या वड्याचा चुलतभाऊ शोभेल असं फलाफल, हे तिकडचं रोजचं खाणं आहे. मात्र ताटात घेण्याआधी ‘व्हेजिटेरियन?’ एवढं विचारावं. कुणी हसत नाही.

आता मुद्द्याचं. अशा ठिकाणी आपल्या बायका काय करतात? कोपऱ्यातली खुर्ची धरून पर्स मांडीवर घेऊन बसतात. उठताना उष्टी बशी कुठे ठेवायची, ते शोधतात. ‘फुकटचं कशाला खायचं’ म्हणून चहासुद्धा घेत नाहीत. अहो, फुकट कसलं? त्याचे पैसे तिकिटात धरलेले असतात. आणि पुढचा विचार करा. समोर बारा-चौदा तासांचा प्रवास, तिकडे पोहोचलात की बाळाचं न्हाणं, लेकीचं पथ्यपाणी, रात्रीची जागरणं. ‘आई, जरा इकडे ये ग’ अशी हाक येणार नाही असे तीन तास पुन्हा कधी मिळतील? तेव्हा खुशाल पाय पसरा. अधूनमधून फेऱ्या मारा, पाणी भरपूर प्या. फार वेळ एकाच जागी बसून पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच असू द्या.

एक मात्र करा. बशी उचलायला येणाऱ्या मुलीकडे पाहून दोन शब्द बोला. कतारमध्ये नोकरी करणारी बहुतेक माणसं परदेशातून आलेली. तिचंही घर, कदाचित तिचं लेकरूही, कुठेतरी दूर असतं. तिला ‘थँक्यू’ म्हणायला आपलं काय जातं?

निघण्याआधी तीन गोष्टी मुलांना नक्की विचारा. तिकीट ‘बिझनेस लाइट’ या स्वस्त दरातलं तर नाही ना? कारण त्यात लाउंज धरलेलं नसतं. मधला थांबा किती तासांचा? आणि पुढचं विमान कोणत्या गेटवरून? आत गेल्यावरही घोषणेवर विसंबू नये. पडद्यावर गेटचा नंबर दर थोड्या वेळानं पाहावा आणि तासभर आधी उठावं. विमानतळ मोठा आहे, चालायला वेळ लागतो.

तिकीट साध्या वर्गाचं असलं तरी हिरमुसू नका. पैसे भरून जाता येतील अशी दुसरी लाउंज तिथे आहेत. शिवाय सगळ्या प्रवाशांसाठी मोफत शांत खोल्या आहेत, बायकांसाठी वेगळ्या. पाटी पाहून सरळ आत जा, शाल पांघरा आणि डोळे मिटा. मोबाइलवर गजर लावायला तेवढं विसरू नका, बरं का!